दोनदा उतरवलेली दोरी

मंगळवारी सकाळी तू गॅलरीत कपडे वाळत घालत होतीस. काठीवरची चादर दोरीपर्यंत पोचेना, म्हणून तू टाचा उचलल्यास. मग तू फरशीवर होतीस. खुब्याचं हाड मोडलं होतं. दादाने मला खालच्या मजल्यावरून बोलावलं. रुग्णवाहिका आली. ऑपरेशन झालं. त्यानंतर तू उभी राहिली नाहीस. छातीत कफ साठला आणि तू गेलीस.

वहिनी, इतकंच लिहून थांबावं असं मनात होतं. पण मी थांबले तर बाकीचे लिहितील, आणि ते काय लिहितील ते मी तू गेल्यापासून ऐकते आहे.

लोक मला विचारतात, फार दुःख झालं असेल ना. झालंय. पण मला जे होतंय त्यात दुःखाचा वाटा कमी आहे. सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली, त्यामुळे गोष्ट योग्य कप्प्यात ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून शब्द शोधला. मला वीट आला आहे. तू गेल्यावर आम्हाला भेटायला म्हणून येणाऱ्या आणि माझ्यासमोर बसून तुझी स्तुती करणाऱ्या माणसांचा वीट आला आहे. स्तुती खोटी असती तर सोसली असती. ती खरी आहे, म्हणून किळस येते.

"काय काटक बाई!" तुझ्या भजनी मंडळातल्या कुसुमताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "डॉक्टरांच्या मागे लागली नाही, चालू केलेल्या गोळ्याही सोडून दिल्या."

"आणि किती हलकी चालायची," दुसरी कुणी म्हणाली. "जिन्यात पाऊल वाजायचं नाही."

"जेवण म्हणजे चिमणीचं. सगळ्यांचं झाल्यावर राहील ते."

दादा मान हलवत होता. त्याला बरं वाटत होतं. मी चहाचे कप गोळा करून आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहिले. वाटलं, ही मंडळी तुझे गुण सांगत नाहीत. तू कशाने गेलीस ते सांगताहेत, आणि सांगताना त्यांना अभिमान वाटतोय.

तू या घरात आलीस तेव्हा मी दहावीला होते. चारचौघांत, म्हणजे आईसमोर, तू मला "वन्सं" म्हणायचीस आणि दोघीच असलो की "ए सुधा." माझा अभ्यास स्वयंपाकघरात चाले, कारण दिवा तिथलाच चांगला होता. तुझी झाकपाक करून झाली की माझ्यापुढे दुधाचा पेला ठेवायचीस आणि मी तो संपवेपर्यंत हलायची नाहीस. मला साय आवडायची नाही. तू ती बोटाने बाजूला करून द्यायचीस. साय विरजणाला, लोणी तुपाला, ताक जेवणाला, दूध मला आणि दादाला. तुझ्या वाट्याला चहा, त्यातही रंग बदलण्यापुरतं दूध.

एकदा मी म्हटलं होतं, "तू पण घे ना पेलाभर."

तू हसलीस. "दूध प्यायला मी काय बाळंतीण आहे?"

हे वाक्य मी कितीतरी वर्षं विनोद म्हणून सांगत आले. आता ते विनोद म्हणून सांगवत नाही, कारण ते तुझं नव्हतंच, ते आपल्या घराचं होतं. आपल्याकडे बाईच्या हाडांकडे लक्ष जातं ते बाळंतपणात. मग डिंकाचे लाडू, अहळिवाची खीर, शेक, तेल, पाठीला फडकं. जणू हाडं मुलासाठी दिलेली असतात आणि मूल मोठं झालं की त्यांचं काम संपतं. मीनल झाली तेव्हा आईने तुझी काळजी घेतली, अगदी नीट घेतली. ती चालायला लागल्यावर पुन्हा चहा.

आणि तुला माहीत नव्हतं असंही नाही. नाचणीची आंबील कुणाला द्यावी, तीळ कधी खावेत, हे पेठेतल्या अर्ध्या बायका तुला विचारायला येत. थंडीत तू डबे भरभरून डिंकाचे लाडू करायचीस आणि मीनलकडे, माझ्याकडे, समोरच्यांकडे पोचवायचीस. स्वतः खायचीस तो फुटलेला लाडू. फुटला नाही तर खायची नाहीस.

पहिलं मोडलं ते मनगट. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पाय अडखळला, तू हात टेकलास, आणि हात गेला. तुझी पाळी जाऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. डॉक्टरांनी हाड बसवलं, प्लास्टर घातलं, काढलं, आणि हाड छान जुळलं असं सांगितलं. सगळे खूश. उंबऱ्याला नावं ठेवून झाली. दादाने तो काढून टाकला. पण उभ्या उंचीवरून नुसता हात टेकला तर मनगट का मोडावं, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. हात टेकल्याने मोडतं ते हाड आतून आधीच विरळ झालेलं असतं, आणि तो पहिला इशारा असतो. आपल्याला उंबरा दिसला, कारण उंबरा काढता येतो.

पुढे पाठ दुखायला लागली. तू तिला वात म्हणालीस आणि तेल लावलंस. शेवटी मीनलनेच हट्ट धरून तुला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं आणि तुझ्या हाडांची घनता मोजून घेतली. मी सोबत होते. बाई शांत होत्या. त्या म्हणाल्या, हाड दगडासारखं नसतं, जिवंत असतं. आतल्या आत सतत थोडं पाडलं जातं आणि थोडं बांधलं जातं. तरुणपणी बांधणारे जास्त असतात. नंतर बरोबरी होते. पाळी गेल्यावर पाडणाऱ्यांना मोकळं रान मिळतं, आणि बांधणारे मागे पडतात.

तू लगेच म्हणालीस, "म्हणजे आमच्या पेठेतल्या रिडेव्हलपमेंटसारखं. पाडणारे सांगितल्या दिवशी हजर, बांधणाऱ्याचा फोन लागत नाही."

बाई मोठ्यांदा हसल्या. मीही. आपली इमारत उभी राहीपर्यंत किती दिवस दुसऱ्यांच्या घरात काढले होते आपण. तुझं असंच होतं, वहिनी. तुला गोष्ट पहिल्या झटक्यात कळायची, आणि कळली की तू तिच्यावर विनोद करून तिला दाराबाहेर उभी करायचीस.

बाईंनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली. सोबत कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, जेवणात डाळ-उसळ-दूध, रोज पाय आपटून चालणं, आणि थोडं ऊन. अंगावर, काचेतून नव्हे. ऊन म्हटल्यावर तू माझ्याकडे पाहिलंस. आपण दोघी बाहेर पडायचो त्या डोळे सोडून सगळं झाकून, स्कार्फ, हातमोजे, वर छत्री. उन्हात काळवंडू नये म्हणून. त्या वयात आपल्याला बघणार होतं कोण?

गोळीचं एक पथ्य होतं. अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास ताठ बसायचं किंवा उभं राहायचं. आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही, काही खायचं नाही. का, ते सोबतच्या कागदावर इतक्या बारीक इंग्रजीत छापलं होतं की ते वाचलं जाऊ नये हीच छापणाऱ्याची इच्छा असावी. मी भिंग घेऊन वाचलं आणि वर येऊन तुला सांगितलं. ती गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे भाजतं.

"वन्सं," तू म्हणालीस, दादा घरात होता म्हणून वन्सं, "तुमचं सगळं पुस्तकी असतं."

तू गोळीसाठी सोमवार निवडलास, कारण सोमवारी उपास असतो आणि पोट रिकामंच असतं. सोयीचं. पण पूजेआधी पाणी प्यायचं नाही हा आईपासूनचा नेम. म्हणून गोळी पूजेनंतर, पळीभर तीर्थाबरोबर. आणि लगेच देवापुढे डोकं टेकून नमस्कार, मग ओणवं होऊन देवघराची फरशी पुसणं. यात तुझ्या दृष्टीने काही चुकत नव्हतं. उलट तू त्या गोळीला मान दिला होतास, तिला तीर्थाबरोबर घेत होतीस. तीन-चार सोमवारांत छातीत जाळ व्हायला लागला. तू निदान केलंस: गोळी गरम आहे.

"गोळी गरम नाही, तू ती चुकीची घेतेस," मी म्हटलं.

"देवाचं पाणी चुकीचं?"

"पळीभर पाणी चुकीचं. पेलाभर घे. आणि नंतर वाकू नकोस."

"मग नमस्कार उभ्याने करू? तुमच्या ग्रंथालयात करतात तसा?"

पूजा गोळीनंतर अर्ध्या तासाने कर, एवढं साधं उत्तर होतं आणि ते मी दिलंही. तू म्हणालीस, आठवड्यातून एक दिवस देवाने गोळीसाठी थांबायचं का. डॉक्टरीणबाईंनी दुसरा मार्ग सांगितला, वर्षातून एकदा शिरेतून औषध, पोटाला त्रासच नाही. तू म्हणालीस, सुया टोचून घ्यायला मला काय झालंय? आणि मंडळात जाऊन सांगितलंस की मी सगळ्या गोळ्या बंद केल्या, आता हलकं वाटतंय. तिथे टाळ्या पडल्या असतील. कुसुमताईंना ते अजून पाठ आहे.

हा वाद आपण सोडला नाही. दर संक्रांतीला, दर वाढदिवसाला मी विषय काढायचे आणि तू "पुस्तकी" म्हणायचीस. त्यात आता मी जिंकले. मला या जिंकण्याचा तिटकारा आहे.

मग दोरी. आपल्या गॅलरीतली दोरी छताजवळ होती, काठीने कपडे टाकायचे, घरभर लोंबू द्यायचे नाहीत ही आईची शिस्त. एके दिवशी तू दादाला म्हणालीस, "अहो, ही दोरी जरा खाली घ्या. तुम्ही फार वर ठोकलीय."

"इतकी वर्षं बरोबर होती, आज वर गेली?" दादा म्हणाला. पण त्याने हूक काढून वीतभर खाली ठोकले, आणि वरची भोकं लांबी भरून बुजवली. काही काळाने तू पुन्हा म्हणालीस. त्याने पुन्हा वीतभर खाली घेतले. तिसऱ्यांदा तू म्हणालीस तेव्हा मी तिथेच पेपर वाचत होते.

"आता काय जमिनीवर घालणार कपडे?" दादा म्हणाला.

तू हसलीस. पुन्हा कधी म्हणाली नाहीस.

भिंत वाढत नसते. तुझ्या पाठीचे मणके दाबले जात होते, एकेक करून, आवाज न होता. त्यातला एखादा दाबला गेला तेव्हा तुला दुखलं असेल आणि तू तेल लावलं असशील. तुझा परकर घोट्याखाली यायला लागला, तू शिंप्याला नावं ठेवलीस. ब्लाउज पाठीत वर चढायला लागला. खांदे पुढे आले, हात डोक्याच्या वर जाईना. आणि आणखी एक गोष्ट झाली. पाठ आखूड झाली की पोटाला जागा उरत नाही, ते पुढे येतं. तू आरशात पोट पाहिलंस आणि म्हणालीस, "सुधा, बसून बसून सुटलंय बघ." आणि गुरुवारही धरलास. हाडांना पुरत नव्हतं म्हणून पाठ वाकली, पाठ वाकली म्हणून पोट दिसलं, पोट दिसलं म्हणून तू आणखी कमी खाल्लंस. यात कुठेही दुष्ट माणूस नाही. सगळे तुला चांगलंच म्हणत होते. या वयात कशी शिडशिडीत राहिलीस, म्हणत होते.

हॉस्पिटलात ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तू माझा हात धरलास. तुझ्या हाताला जंतुनाशकाचा वास येत होता आणि पलीकडच्या खाटेवर कुणीतरी कण्हत होतं. तू म्हणालीस, "मी घसरले नाही गं. फरशी कोरडी होती. आधी आत काहीतरी कट्ट वाजलं, आणि मग मी खाली."

मला माहीत होतं की असं होतं. हाड इतकं झिजलं की माणूस पडून हाड मोडत नाही, हाड मोडून माणूस पडतो. मी ते वाचलं होतं. पण मी ते बोलले नाही. तू माझ्याकडे वाट बघत होतीस, मी काहीतरी पुस्तकी सांगेन म्हणून. मी म्हटलं, "झोप आता." मग तू म्हणालीस, "तू म्हणायचीस ते थोडं बरोबर होतं." थोडं. तुझ्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ. मी उद्या बोलू असं म्हणाले. नंतरच्या दिवसांत तुझ्या तोंडावर मास्क होता.

दारात भेटलेले तरुण डॉक्टर दादाला म्हणाले, "वयानुसार होतं, आजोबा." वयानुसार. या शब्दाने आपली सुटका होते. वय कुणी टाळू शकत नाही, म्हणून कुणी काही केलं नाही तरी चालतं. माझंही वय झालंय. तू गेल्यावर मी माझी तपासणी करून घेतली, त्याच डॉक्टरीणबाईंकडे. त्या म्हणाल्या, वयाच्या मानाने हाडं छान आहेत, तरुणपणी खाणंपिणं चांगलं झालेलं दिसतंय. हाडांची पुंजी तेव्हाच जमते म्हणे, पुढे ती फक्त राखायची. मी रिपोर्ट घेऊन रिक्षात बसले आणि स्वारगेटपर्यंत मला काही दिसत नव्हतं. तो पेला. साय बाजूला करून दिलेला, तू न प्यालेला. माझी हाडं तुझ्या वाट्याची आहेत, वहिनी. याबद्दल तुझे आभार मानावेत की तुझा राग करावा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही एकदमच येतं.

तेराव्याला घर भरलं होतं. गोडाचं जेवण झालं. कुसुमताई तुझ्या मीनलच्या शेजारी बसल्या होत्या. मीनल पन्नाशीची झाली, पण अजून तशीच, सडपातळ, ताठ. तिच्या पाळीचं दोन वर्षांपूर्वीच आटोपलं. कुसुमताईंनी तिच्या दंडावरून हात फिरवला. "अगदी आईवर गेलीस हो. तशीच काटक."

मीनल हसली. डोळ्यांत पाणी होतं, पण तिला ते आवडलं. तुझी आठवण कुणीतरी तिच्या अंगात पाहिली, कुणाला आवडणार नाही? आणि मला आठवलं की गेल्या वर्षी टेकडीवर चालताना तिच्या पावलाच्या हाडाला चीर गेली होती. पडली नाही, धडपडली नाही, नुसती चालत होती. आपण सगळ्यांनी तिच्या बुटांना नावं ठेवली होती. ती दुपारपर्यंत काळ्या कॉफीवर राहते आणि त्याला इंग्रजी नाव आहे. तुझ्या उपासाला निदान देव तरी होता.

मी सहसा चारचौघांत बोलत नाही, तुला माहीत आहे. मी म्हटलं, "काटक नव्हती ती. आतून पोकळ झाली होती. मीनलला तसं म्हणू नका."

कुणाच्या तरी हातात वाटी तशीच राहिली. कुसुमताई म्हणाल्या, "अहो, मी चांगल्या अर्थाने म्हटलं."

"चांगल्याच अर्थाने म्हणता तुम्ही सगळे. त्यानेच गेली ती."

दादा उठला. "सुधा, आज हे बोलायची गरज होती?"

"आज नाही तर तिच्या तेराव्याला बोलू?" मी म्हटलं, आणि 'तिच्या' म्हणताना मीनलकडे पाहिलं. हे बोलायला नको होतं असं लोक म्हणतील. मला तसं वाटत नाही.

मीनल माझ्यामागे आत आली. रागाने तिचा आवाज बारीक झाला होता. "आत्या, धिस वॉज सो अनकॉल्ड फॉर. आईच्या तेराव्याला? बाबांचा चेहरा पाहिलास?"

"पाहिला. तू तुझ्या पायाचा एक्स-रे पाहिला होतास?"

"हेअरलाइन होतं ते. बरं झालं. आय ॲम फिट, आत्या. मी दहा किलोमीटर चालते."

"आईही जिना चढायची. पाऊल वाजायचं नाही."

"प्लीज. सगळं पुस्तकी आणून लोकांच्या तोंडावर मारू नकोस."

तुझाच शब्द. तोही तिने तुझ्याकडूनच घेतलाय. भांडी घासली जात होती. पाहुणे पांगले. मीनलने ओले टॉवेल उचलले आणि ती गॅलरीत गेली. काठी कोपऱ्यात टेकलेली होती, तुझ्या हाताने गुळगुळीत झालेली. मीनलने तिच्याकडे पाहिलंही नाही. हात वर केला आणि टॉवेल दोरीवर टाकला. मग दुसरा. मग तिचा हात दोरीवरच राहिला.

"आत्या," ती आतल्या दिशेने म्हणाली, "ही दोरी इतकी खाली कधी आली?"

मी दारात गेले. ती वर बघत होती. दोरीच्या हुकाच्या वर वीतभर अंतरावर लांबीचा पांढरा ठिपका होता, आणि त्याच्यावर वीतभर आणखी एक, छताला जवळजवळ लागून. दादाने वरून रंग दिला नव्हता.

"आईला पोचत नव्हतं," मी म्हटलं. "दोनदा खाली घेतली. तिसऱ्यांदा राहिली."

"पण आई आणि मी सेम हाइट होतो. माझ्या लग्नात बाबांनी आम्हाला पाठीला पाठ लावून उभं केलं होतं. एक बोटाचाही फरक नव्हता."

"हो."

तिने टाचा जमिनीवर घट्ट ठेवल्या, मग भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि तळवा डोक्यावर धरून तिथेच भिंतीवर टेकवला. वळून त्या जागेकडे पाहिलं. मग छताजवळच्या ठिपक्याकडे, मग खालच्या. ती रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. मला गेले तेरा दिवस जे होत होतं तेच होतं. तिला किळस आली होती, आपल्या सगळ्यांची.

दादा मागे येऊन उभा राहिला होता. तो त्या ठिपक्यांकडे बघत होता. तो म्हणाला, "मीच बुजवली ती भोकं." एवढंच. आत जाऊन त्याने दार लोटून घेतलं.

"कुठे करतात ती टेस्ट?" मीनलने विचारलं.

तिचीही हाडं विरळ व्हायला लागली आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ता धरली तर धरता येतील. पायाची चीर आणि तुझा इतिहास पाहून त्यांनी तीच आठवड्याची गोळी दिली. काळी कॉफी उठवली, डाळ-उसळी बसवल्या, वजनं उचलायला सांगितली. मीनल तोंड वाकडं करून सगळं करते. कुसुमताई माझ्याशी बोलत नाहीत. दादा कपडे गच्चीत वाळत घालायला नेतो, पण गॅलरीतली दोरी त्याने काढू दिलेली नाही, वर घेऊ दिलेली नाही, आणि भिंतीला रंगही देऊ दिलेला नाही.

तुझी काठी मी खाली माझ्याकडे आणली आहे.

रविवारी सकाळी मीनल पेलाभर पाण्याबरोबर गोळी घेते. अर्धा तास ताठ बसायचं असतं, म्हणून मला फोन करते. आम्ही बहुतेक तुझ्याबद्दलच बोलतो, आणि बहुतेक रागाने. वेळ झाली की ती म्हणते, "चल आत्या, झालं," आणि फोन ठेवते.

तुझ्यामागे आम्हाला तो अर्धा तास उरला आहे.